पट्टा, पैसा आणि पेटी : निवडणुकीतल्या अफवा आणि आपली ग्रामसभा

(जठारपेठ, अकोला इथं झालेल्या कार्यकर्ता शिबिरातलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी पूर्ण देत आहोत. गावात वाचून दाखवावं.)



आज इथं धारणी-चिखलदऱ्याकडून माणसं आली आहेत. अकोट-तेल्हाऱ्याच्या पायथ्याची पुनर्वसित गावं आली आहेत. पातूरकडचे भाऊ आले आहेत. कोणी पहाटे घर सोडलं, कोणी काल रात्रीच एसटी धरली. म्हणून लांबण लावत नाही. विषय एकच आहे. निवडणुकीच्या दिवसांत आपल्या कानावर जे घातलं जातं त्यात खरं किती, खोटं किती, अन् त्यानं निकाल कसा फिरतो.

आधी एक सांगून ठेवतो. आपली संघटना कोणत्या पक्षाची नाही. बोलताना पक्षांची, पुढाऱ्यांची नावं येतील, सगळ्या बाजूंची येतील. मत कोणाला द्यायचं हे आम्ही सांगणार नाही. ते ज्याचं त्यानं ठरवायचं. पण ठरवताना डोक्यात भीती भरलेली नसावी, एवढंच आमचं म्हणणं.

शहरात प्रचार भिंतीवर असतो, रिक्षाच्या भोंग्यात असतो, मोबाईलवर असतो. आपल्याकडे टॉवर नाही, लाइट कधी असते कधी नसते. आपल्याकडे प्रचार तोंडानं येतो. बाजारात येतो, रेशनच्या रांगेत येतो, रात्री जीपमधून येतो. "म्हणे" या शब्दाच्या पाठीवर बसून येतो. म्हणे पट्टे रद्द होणार. म्हणे पैसे बंद होणार. म्हणे मशीनमधून कळते कोणाचं बटन दाबलं. हा "म्हणे" कोण आहे, हे कोणी विचारत नाही.

पहिली अफवा सगळ्यात जुनी आहे : "आपल्या चार घरांच्या मतानं काय होते बावा?"

याचं उत्तर आकड्यात घ्या. 2024 ची लोकसभा. अमरावतीत काँग्रेसचे बळवंत वानखडे निवडून आले, भाजपच्या नवनीत राणा पडल्या. फरक किती? 19,731 मतं. मतदार होते अठरा लाखांवर. म्हणजे शंभर मतदारांतला जेमतेम एक. आणि जो इकडून तिकडे जातो तो एका बाजूचं एक मत कमी करतो अन् दुसऱ्या बाजूचं एक वाढवतो. म्हणून दहा हजार माणसं फिरली असती तरी निकाल उलटा लागला असता. चारशे मतदारांचं एक गाव धरा. पंचवीस गावं झाली. आपल्या डोंगरात पंचवीस गावं मोजायला वेळ लागत नाही.

अकोल्यात त्याच वेळी भाजपचे अनुप धोत्रे काँग्रेसच्या अभय पाटलांपेक्षा 40,626 मतांनी पुढं राहिले. तिसऱ्या जागी प्रकाश आंबेडकर, त्यांना पावणेतीन लाखांवर मतं. तिथं दोन्हीकडून एकमेकांना "मतं फोडणारे" म्हटलं गेलं. कोणाचं मत वाया गेलं हे मोजणाऱ्यानं आपापल्या सोयीनं मोजलं.

म्हणजे अफवेला सगळा जिल्हा फिरवावा लागत नाही. शंभरातला एक हलवला की काम होते. आणि तो एक कोण? ज्याच्याजवळ पक्का कागद नाही, ज्याचा दावा वर्षानुवर्षं पडून आहे, तोच आधी हलतो. ज्याचं जळते त्यालेच कळते, अन् तिथंच फुंकर घालणारे येतात.

आता पट्ट्याकडे येतो.

2019 चं आठवा. 13 फेब्रुवारी 2019 ला सुप्रीम कोर्टाचा आदेश आला. वनहक्क कायद्याखाली ज्यांचे दावे नामंजूर झाले आहेत त्यांना जंगलजमिनीवरून काढा, असं राज्यांना सांगितलं. देशभरात असे दावे दहा लाखांहून जास्त होते. देशभर हल्ला झाला, मोर्चे निघाले. 28 फेब्रुवारीला, म्हणजे पंधराच दिवसांत, कोर्टानं स्वतःच्या आदेशाला स्थगिती दिली आणि राज्यांना विचारलं की दावे नाकारताना कायद्याची पद्धत पाळली होती का, ते आधी सांगा. त्यानंतर दहा-बारा दिवसांत निवडणूक जाहीर झाली. 18 एप्रिलला अमरावती-अकोल्याचं मतदान.

आदेशाची बातमी गावात पोचली, स्थगितीची पोचायला फार वेळ लागला. आणि मधल्या दिवसांत आमच्या कानावर दोन गोष्टी आल्या. एक बाजू म्हणे, "सगळ्यायचे पट्टे गेले, आता यायले पाडा." दुसरी बाजू म्हणे, "आमच्या साहेबानंच थांबवलं, आता त्यायले विसरू नका." दोन्ही ऐकून म्हातारी माणसं जेवली नाहीत.

खरं काय होतं? आदेश नामंजूर दाव्यांबद्दल होता. ज्याच्या हातात मंजूर पट्टा होता त्याचा पट्टा त्या आदेशानं रद्द होत नव्हता. ज्याचा दावा अजून तपासात होता त्याला तर कायदाच राखतो : दाव्याची ओळख अन् पडताळणी पुरी होईपर्यंत काढता येत नाही. आणि ज्यांचे नामंजूर झाले त्यांच्यातल्या कितीतरी जणांना नामंजुरीचं कारण लेखी मिळालंच नव्हतं. हे सगळं एका कागदावर मावते. पण तो कागद कोणी गावात वाचला नाही. म्हणून जीपवाल्याचं खरं ठरलं.

आता असं पाहा. वनहक्काचा दावा कोण मंजूर करते? ग्रामसभा, वनहक्क समिती, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. जिल्हा समितीचे अध्यक्ष कलेक्टर. आमदार-खासदार त्या समितीचे सदस्य नाहीत. मग "मी तुमचा पट्टा देतो" किंवा "तुमचा पट्टा काढून घेतो" असं आमदारकीचा उमेदवार म्हणतो तेव्हा जे त्याच्या हातात नाही ते तो देतो आहे अन् काढून घेतो आहे. पण जिल्हा समितीत जिल्हा परिषदेचे तीन सदस्य असतात, त्यातले किमान दोन आदिवासी. उपविभागीय समितीतही पंचायत समितीचे तीन. म्हणजे पट्ट्यासाठी मत मागायचा थोडाफार हक्क असेल तर तो जिल्हा परिषद अन् पंचायत समितीच्या उमेदवाराला आहे. आणि त्यालाच आपण हे कधी विचारत नाही. त्या निवडणुकीत आपण नातंगोतं पाहतो, मटणाचं जेवण पाहतो.

अकोट तालुक्यातल्या पुनर्वसित गावांना तर दर पाच वर्षांनी "जमीन मिळवून देतो" ऐकावं लागते. त्यांनी आता एकच विचारायचं : कोणत्या गावची, कोणत्या गटाची, कोणत्या कागदानं?

दुसरी गोष्ट पैशाची.

जून 2024 मध्ये राज्य सरकारनं लाडकी बहीण योजना जाहीर केली. महिन्याला 1,500 रुपये. आपल्या बायांच्या खात्यात पैसे आले, कामी आले. कोणी त्याला नाक मुरडू नये. मजुरीसाठी बाहेर जाणाऱ्या बाईला 1,500 म्हणजे काय, हे आम्हाला ठाऊक आहे.

पण पैशाबरोबर काय आलं तेही पाहा. ऑगस्टमध्ये अमरावतीतल्या कार्यक्रमात बडनेऱ्याचे आमदार रवी राणा बोलले, की तुम्ही आशीर्वाद दिला नाही तर हे 1,500 खात्यातून परत काढून घेऊ. गदारोळ झाल्यावर म्हणाले, गंमत केली. नोव्हेंबरमध्ये कोल्हापूरकडे भाजपचे खासदार धनंजय महाडिक बोलले, की योजनेचे पैसे घेणाऱ्या बाया काँग्रेसच्या सभेत दिसल्या तर फोटो काढा. गुन्हा दाखल झाला, त्यांनी माफी मागितली. तिकडे नागपूर खंडपीठात योजनेविरुद्ध याचिका होती. लगेच प्रचार सुरू झाला की विरोधक आले तर योजना बंद. विरोधकांनी काय केलं? त्यांनी जाहीरनाम्यात 3,000 लिहिले. सत्तेतल्यांनी 2,100 लिहिले. बोली लागली बाजारात! 20 नोव्हेंबरला मतदान झालं, भाजपच्या एकट्याच्या 132 जागा आल्या. मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात 2,100 आले नाहीत.

अशा वचनांचा खेळ एकाच पक्षाचा नाही. लोकसभेला काँग्रेसनं गरीब घरच्या एका बाईला वर्षाला एक लाख देऊ म्हटलं. निकाल लागल्यावर लखनौमध्ये बाया ते गॅरंटी कार्ड घेऊन काँग्रेसच्या कार्यालयासमोर रांगेत उभ्या राहिल्या. पक्ष सत्तेत आलाच नव्हता. कार्ड हातात होतं म्हणून त्यांना वाटलं पैसा मंजूर झाला. त्या बायांना हसू नका. छापील कागदावर विश्वास ठेवायचा असंच आपल्याला सरकारनं शिकवलं आहे. कागद कोणाचा, पक्षाचा का सरकारचा, हे पाहायला शिकवलं नाही.

एकट्या योजनेनं निकाल लागला असं आम्ही म्हणत नाही. निकालाला दहा कारणं असतात. कापसाचा भाव असतो, सोयाबीनचा असतो, जात असते, उमेदवाराची वागणूक असते. पण एक गोष्ट नक्की. सरकारी तिजोरीतला पैसा ही पुढाऱ्याची भेट आहे असं एकदा डोक्यात बसलं, की "परत घेईन" ही धमकी चालते. पैसा नियमानं येतो अन् नियमानंच बंद होतो हे माहीत असलं, की ती धमकी पोकळ होते. आमदाराच्या बोटानं कोणाच्या खात्यातून पैसे निघत नाहीत.

तिसरी गोष्ट संविधानाची. यावर आपल्यातही वाद झाले, म्हणून सरळ बोलू.

लोकसभेला भाजपनं "400 पार"चा नारा दिला. मार्च 2024 मध्ये कर्नाटकातले त्यांचे खासदार अनंतकुमार हेगडे बोलले, की संविधान बदलायला एवढ्या जागा लागतात. पक्षानं हात झटकले. पंतप्रधान म्हणाले, संविधान कोणी बदलू शकत नाही. पण गावोगावी पोचलं ते एवढंच : संविधान जाणार, आरक्षण जाणार. महाराष्ट्रात 48 पैकी महाविकास आघाडीला 30 जागा मिळाल्या, महायुतीला 17. मग देवेंद्र फडणवीस म्हणाले, आम्ही खोट्या नॅरेटिव्हशी लढत होतो.

आता हे खोटं होतं का खरं? हेगडे बोलले हे खरं. दुसऱ्या दिवशी आरक्षण जाईल, हे कोणत्याच कागदावर नव्हतं. नरो वा कुंजरो वा असा हा मामला. पण आमचं दुखणं वेगळं आहे. हा सगळा गजर चालू होता तेव्हा आपल्या जंगलाचा कायदा बदलून झाला होता. 2022 मध्ये वनसंवर्धनाचे नवे नियम आले. त्यात जंगल दुसऱ्या कामाला द्यायची केंद्राची मंजुरी वनहक्कांचा निवाडा अन् ग्रामसभेची संमती होण्याआधी देता येईल अशी वाट निघाली. अनुसूचित जमाती आयोगानं हरकत घेतली. 2023 च्या जुलै-ऑगस्टमध्ये संसदेनं वनसंवर्धन कायद्यातच दुरुस्ती केली. 1 डिसेंबर 2023 पासून ती लागू झाली. त्याला 400 जागा लागल्या नाहीत. आणि एप्रिलमध्ये आमच्या गावांत मत मागायला आलेल्या एकाही गाडीतून आम्ही या कायद्याचं नाव ऐकलं नाही. ना इकडच्या, ना तिकडच्या.

प्रचार असाही असतो, साथींनो. काय बोलले ते तर ऐकाच, पण काय बोलले नाहीत तेही मोजा.

चौथी गोष्ट यादीची. 2014 च्या विधानसभेआधी बारामतीत धनगर समाजाच्या उपोषणात फडणवीसांनी वचन दिलं, की सत्ता आली तर पहिल्या कॅबिनेटमध्ये आरक्षणाचा प्रश्न सोडवू. सत्ता आली. आदिवासींच्या यादीत घालायचं तर ते राज्याच्या कॅबिनेटच्या हातात नाही. राज्यघटनेच्या कलम 342 प्रमाणे त्या यादीत बदल फक्त संसद करते. फेब्रुवारी 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही धनगरांची मागणी फेटाळली. ऑक्टोबर 2024 मध्ये विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ अन् आदिवासी आमदारांनी मंत्रालयाच्या जाळीवर उड्या मारल्या. दहा वर्षं धनगराच्या वाड्यावर "देतो" म्हटलं जाते अन् आपल्या ढाण्यावर "जाऊ देत नाही" म्हटलं जाते. धनगर भावांशी आपलं वैर नाही. तेही मेंढरं घेऊन त्याच जंगलाच्या कडेनं फिरतात, त्यांनाही तितकंच फसवलं आहे. दोन गावांत दोन गोष्टी सांगणारा पकडायचा असेल तर दोन्ही गावांनी एकमेकांशी बोललं पाहिजे.

आणि शेवटची गोष्ट पेटीची, म्हणजे मशीनची. "आम्हाले कळते तुमचं मत कोठी गेलं." ही धमकी आपल्याकडे सगळ्यात जास्त चालते, कारण ती अर्धी खरी आहे. म्हणून नीट समजून घ्या.

एकट्या माणसाचं मत कळत नाही. तुम्ही बटन दाबलं की काचेमागं चिठ्ठी सात सेकंद दिसते. ती तुम्हालाच दिसते. मग ती पेटीत पडते. चिठ्ठीवर तुमचं नाव नसते, नंबर नसते. कोणत्या भाऊनं, कोणत्या वहिनीनं कोणाला मत दिलं हे साहेबाला, सरपंचाला, गार्डाला, कोणालाच कळत नाही.

पण केंद्राचं मत कळते. प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मतं, हे निकालानंतर जाहीर होते. शहरात जठारपेठेतल्या एका केंद्रावर किती गल्ल्यांचे लोक येतात, तिथून काही ओळखू येत नाही. आपल्याकडे एक केंद्र म्हणजे एक गाव, नाहीतर दोन ढाणे. म्हणून गावानं कोणाला मत दिलं ते कळते, अन् त्यावरून रस्ता अडवायची, टँकर अडवायची धमकी देता येते. 2014 मध्ये बारामती मतदारसंघातल्या एका गावाला पाणी तोडायची धमकी दिल्याचा आरोप झाला होता, तो याच जातीचा. अनेक केंद्रांची मतं एकत्र करून मोजायचं यंत्र वापरा, म्हणजे गाव ओळखू येणार नाही, असं निवडणूक आयोगानं सुचवलं. 2015 मध्ये विधी आयोगानंही तेच म्हटलं. सरकारनं ते मानलं नाही. आपल्या ग्रामसभांनी ही मागणी ठरावात घेतली पाहिजे. लहान गावाला याची गरज शहरापेक्षा जास्त आहे.

आणि तोवर? तोवर धमकी देणाऱ्याचं नाव, तारीख, साक्षीदार लिहून ठेवा. मतदाराला धाक दाखवणं हा 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 प्रमाणे भ्रष्ट आचार आहे. 1950 नंबरवर फोन लागतो. फोनला रेंज नसेल तर तहसीलदाराकडे लेखी द्या अन् पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका.

आता कामं सांगतो. भाषण विसरलात तरी चालेल, ही पाच कामं विसरू नका.

एक. प्रत्येक गावात कागदाची एक पिशवी. त्यात पट्ट्यांच्या नकला, दाव्यांच्या पोचा, नामंजुरीची पत्रं, वनहक्क समितीचे ठराव. नामंजुरीचं कारण लेखी मिळालं नसेल तर आज मागा. अपिलाची मुदत साठ दिवसांची असते, म्हणून पत्र हातात पडलं त्या दिवसाची तारीख त्यावर घाला. धारणी-चिखलदरा अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथं 2020 च्या राज्यपालांच्या अधिसूचनेनं जिल्हा समितीच्या निकालावर विभागीय समितीकडेही दाद मागता येते.

दोन. निवडणूक जाहीर झाली की पहिल्या ग्रामसभेत ती पिशवी उघडायची अन् मोठ्यानं वाचायची. आपल्या हातात काय आहे हे ज्या गावाला पाठ आहे, त्या गावात "म्हणे" टिकत नाही.

तीन. कोरकूत सांगणारा माणूस आपला हवा. सभा मराठीत होते, हिंदीत होते. मागं बसलेल्या आजीला कोरकूत सांगतो तो पक्षाचाच पोरगा असतो. तो जे सांगेल तेवढंच तिच्यापर्यंत पोचते. शिकलेल्या पोरींनी हे काम हातात घ्यावं.

चार. कोणतीही बातमी आली की चार प्रश्न. कोण म्हणते? कोणत्या कागदावर? कोणत्या तारखेचा? आणि ते करायचा त्याला अधिकार आहे का? चौथा प्रश्न सगळ्यात कामाचा. वर सांगितलेल्या निम्म्या धमक्या अन् निम्मी वचनं या चौथ्या प्रश्नावरच पडतात.

पाच. अफवा घेऊन आलेल्या माणसाला झिडकारू नका. तो घाबरून आलेला असतो. त्याला बसवा, पाणी द्या, अन् त्याच्यासमोर कागद वाचा. झिडकारलं तर तो पुन्हा ग्रामसभेत येणार नाही, जीपवाल्याकडे जाईल.

2024 ला मेळघाटातल्या काही गावांनी रस्ता नाही, वीज नाही, पाणी नाही म्हणून मतदानावर बहिष्कार टाकला. त्यांचा राग खरा आहे, आम्ही त्यांच्या बाजूनं उभे आहोत. फक्त एवढं सुचवतो, की पुढच्या वेळी बहिष्कार ठरवायच्या आधी उमेदवारांना ग्रामसभेत बोलवा. गाडीवर उभं राहून नको, खाली सतरंजीवर बसून बोलू द्या. वनसंवर्धनाच्या दुरुस्तीवर तुमचं म्हणणं काय, आमच्या पडून असलेल्या दाव्यांचं काय, हे लेखी विचारा अन् लेखी उत्तर घ्या. जो येणार नाही त्याच्या नावापुढं "आले नाहीत" असं इतिवृत्तात लिहा. तो कागदही पिशवीत ठेवा. पाच वर्षांनी कामी येईल.

बाबासाहेबांच्या घटनेनं कलेक्टरलाही एकच मत दिलं अन् मोहफुलं वेचणाऱ्या बाईलाही एकच. ते भीतीनं देऊ नका अन् उधारीनंही देऊ नका.

दुपारच्या जेवणानंतर गावनिहाय गट बसतील. प्रत्येक गटानं आपल्या गावात कोणती अफवा फिरली अन् तिचं उत्तर कोणत्या कागदात आहे, ते लिहून द्यावं. पुढच्या अंकात ते सगळं छापू.

जोहार! जल, जंगल, जमीन आमची! ग्रामसभा जिंदाबाद!